सहा वर्षांच्या मुलीसाठी धर्माविषयीची चित्रपुस्तके कशी निवडावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. शेजारच्या मुस्लिम मैत्रिणीच्या घरी जाऊन आल्यापासून ती ‘त्यांच्याकडे देवघर का नाही, मग त्यांचा देव राहतो कुठे?’ असे विचारते आहे. घरात आजी रोज पूजा करतात, बाबांचा देवावर विश्वास नाही, आणि तुम्हाला तिला वेगवेगळ्या धर्मांची ओळख चित्रपुस्तकांतून करून द्यायची आहे. परंतु या वयात ती गोंधळेल का, कोणती पुस्तके घ्यावीत आणि आजींना हे कसे वाटेल, अशा तीन शंका आहेत. बालवाचनालयासाठी पुस्तके निवडणे आणि मुलांना ती मोठ्याने वाचून दाखवणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्या आधारावर उत्तर देते.

सुरुवात आत्ताच करावी, कारण प्रश्न तिने स्वतः विचारला आहे. मात्र ‘सर्व धर्मांची ओळख’ असे नाव असलेले पुस्तक आणून सुरुवात करू नका. एका घराचे, एका मुलाचे, एका दिवसाचे पुस्तक आणा. सहा वर्षांच्या मुलाला धर्म ही कल्पना समजत नाही, पण माणसे काय करतात हे त्याला अतिशय बारकाईने दिसते: कोण कुठे बसते, डोक्यावर काय घेते, कशाला हात लावू देत नाही, खायला काय देते. श्रद्धेविषयीचे चांगले चित्रपुस्तक या दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवते आणि त्या अचूक दाखवते. वाईट चित्रपुस्तक त्या झाकून मोठ्यांना हवा असलेला निष्कर्ष मुलाच्या हाती देते.

आपल्याकडे सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे शेवटच्या पानावर चार मुले हातात हात घालून उभी असलेले पुस्तक. एकाच्या कपाळाला टिळा, दुसऱ्याच्या डोक्यावर जाळीची टोपी, तिसऱ्याला पगडी, चौथ्याच्या गळ्यात क्रॉस, आणि खाली ‘सगळे धर्म एकच शिकवण देतात’ असे वाक्य. हेतू चांगला असतो, हे मी मानते. पण त्या पानावरून मूल खरोखर काय शिकते, ते पाहा. माणसे पोशाखावरून ओळखायची असतात, एवढेच ते शिकते. त्या टोपीवाल्या मुलाच्या घरात सकाळी काय होते, तो कशाला घाबरतो, त्याची आजी त्याला कोणती गोष्ट सांगते, यातले काहीच त्या पुस्तकात नसते. शिवाय ‘सगळे एकच’ हे उत्तर तुमच्या मुलीच्या प्रश्नाला लागूच पडत नाही. तिने फरक पाहिला आहे. तो नाही असे सांगितले, तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरते, आणि असे दोनतीनदा झाले की मूल त्या विषयावर विचारणेच बंद करते.

तिचा प्रश्न चित्रपुस्तकात कसा सुटू शकतो, हे एका उदाहरणाने सांगते. एका पानावर साधी खोली आहे. पलंग, कपाट, खिडकीत वाळत घातलेले कपडे. पुढच्या पानावर त्याच खोलीत जमिनीवर जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, अंथरली आहे, आई हातपाय धुऊन आली आहे, डोक्यावरून ओढणी नीट घेतली आहे आणि ती पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, कारण भारतातून मक्का पश्चिमेला आहे. त्यापुढच्या पानावर तिचे कपाळ जमिनीला टेकलेले आहे आणि धाकटा मुलगा शेजारी तसेच करून पाहतो आहे. शेवटी जानमाज घडी होऊन कपाटात गेली आहे आणि खोली पुन्हा पहिल्यासारखी झाली आहे. या चार चित्रांत तुमच्या मुलीला उत्तर मिळते: त्या घरात देवाची मूर्ती किंवा तसबीर ठेवत नाहीत, म्हणून देवघराची वेगळी जागा लागत नाही, प्रार्थनेची जागा दिवसातून पाच वेळा मांडली जाते आणि पुन्हा आवरली जाते. अल्लाहला रूप नाही असे ते मानतात, हे वाक्य त्यानंतर तुम्ही बोललात की तिला ते कळते. चित्राआधी बोललात तर कळत नाही.

म्हणूनच पुस्तक निवडताना मी मजकुराआधी चित्रे तपासते, आणि तुम्हीही तसेच करावे असे सुचवते. चित्रकाराने ती जागा पाहिली आहे की नाही, हे चित्रावरून लगेच समजते. नमाज पढणारी माणसे देवळातल्यासारखे हात जोडून उभी असतील, तर त्या चित्रकाराने नमाज पाहिलेली नाही. मशिदीच्या आत चित्रे किंवा मूर्ती नसतात, आणि प्रेषित मुहंमदांचे चित्र काढणे बहुतेक मुसलमानांना अमान्य आहे. त्यांच्याविषयीच्या चांगल्या पुस्तकात चित्रकार वाळवंट, उंट, घरे, आकाश, अक्षरांची नक्षी यांतून गोष्ट पुढे नेतो. हे मुलांना मुद्दाम दाखवण्यासारखे आहे, कारण ‘या पुस्तकात ज्यांची गोष्ट आहे तेच दिसत नाहीत, असे का?’ हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात. गुरुद्वाराच्या चित्रात प्रत्येकाचे डोके झाकलेले हवे, गुरु ग्रंथ साहिब उंचावर हवा आणि त्यावर चौरी ढाळणारे कोणी हवे. लंगरची, म्हणजे सर्वांसाठीच्या सामुदायिक जेवणाची, पंगत जमिनीवर बसलेली हवी. नांदेडला ज्यांचे नातेवाईक आहेत अशा मुलांना हे आधीच माहीत असते आणि चूक ती लगेच दाखवतात. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, त्यामुळे आतल्या अग्नीचे सविस्तर चित्र काढणाऱ्या पुस्तकापेक्षा दारापाशी चंदनाचा तुकडा हातात घेतलेली आजी आणि नवजोतीला, म्हणजे धर्मदीक्षेच्या समारंभात, पहिल्यांदा सदरा व कुस्ती (कमरेचा पवित्र धागा) ल्यायलेली मुलगी दाखवणारे पुस्तक मला अधिक प्रामाणिक वाटते. काही दारांच्या आत आपण जात नाही, हेही मुलाने शिकायला हवे, आणि त्यात अपमान नाही हेही.

आपल्या भागातल्या श्रद्धा आपल्याच भागातल्या दिसाव्यात, हा माझा आग्रह आहे, आणि येथे बाजारातली बहुतेक पुस्तके कमी पडतात. नाताळाच्या मराठी चित्रपुस्तकात बर्फ, रेनडियर आणि धुराडे असते. वसईत मात्र वृद्ध ख्रिस्ती स्त्रिया आजही लुगडे नेसलेल्या दिसतात. घरापुढे गवताचा गोठा मांडून त्यात बाळ येशू ठेवला जातो, गोव्यात कागदाच्या चांदण्या टांगतात आणि नेवऱ्या तळतात. दिवाळीत करंजी खाणाऱ्या मुलाला नाताळची नेवरी दाखवा. दोन्हींचे सारण आणि कडेची मुरड पाहून ते स्वतः जे बोलेल ते कोणत्याही उपदेशापेक्षा मोलाचे असते. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त सांगितली आणि ती १६१६ मध्ये गोव्यात छापली गेली. चारशे वर्षांहून अधिक काळ जी कथा आपल्या भाषेत आहे, ती मुलांना परदेशी हिवाळ्यातच का दाखवावी, हे मला समजत नाही. मुंबईतील वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत सप्टेंबर महिन्यात मेणाचे हात, पाय, बाहुल्या आणि घरे विकायला असतात. ज्याला जे दुखते किंवा जे हवे असते त्याची मेणाची प्रतिकृती माणसे वाहतात, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. सहा वर्षांच्या मुलाला नवस म्हणजे काय हे त्या मेणाच्या पायावरून समजते.

बौद्ध मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी जवळजवळ ६५ लाख महाराष्ट्रात होते. तरीही ‘बौद्ध धर्म’ या पानावर चित्रपुस्तके हटकून बर्फाळ डोंगरातील विहार आणि तांबड्या चीवरातील छोटे भिक्खू दाखवतात. तेही खरे आहे, पण तुमच्या मुलीच्या वर्गात शिकणारी बौद्ध मुलगी त्यात कुठेच नाही. तिच्या घरी बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा शेजारी शेजारी असते, पौर्णिमेला पांढरी वस्त्रे नेसून वंदना म्हटली जाते, १४ एप्रिलला वस्ती उजळते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपले पणजोबा दीक्षा घ्यायला गेले होते ही कथा काही घरांत अजून सांगितली जाते. एका लहान मुलाने पणजोबांचे बोट धरून त्या गर्दीत जाणे, हा चित्रपुस्तकाचा केवढा मोठा विषय आहे! मराठीत तो वारंवार यायला हवा.

कोकणातील बेने इस्रायली यहुदी समाजही असाच दृष्टीआड राहतो. अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले असे ते परंपरेने सांगतात. तेल गाळण्याचा व्यवसाय करताना ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आनंदाच्या प्रसंगी ते एलियाहू हनवी या प्रेषितांचे स्मरण करून मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, फळे. घरात मराठी आणि प्रार्थना हिब्रूत, हे ऐकून मुलांना आश्चर्य वाटते, तोवर पोह्यांचे ताट ओळखीचे निघते. पुण्यात राहणाऱ्यांना कॅम्पातले लाल विटांचे ‘लाल देऊळ’ ठाऊक असते. १८६७ मध्ये बांधून झालेली ती वास्तू सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ आहे, हे मुलांना चित्रातून कळले की पुढच्या वेळी रस्त्यावरून जाताना ती स्वतःच सांगतात.

आता आपल्या स्वतःच्या परंपरेविषयी, कारण पालक बहुधा हा भाग गाळतात. ‘इतरांचे धर्म’ दाखवणारे पुस्तक आणि ‘आपल्या’ गोष्टी अशी वाटणी केली, तर आपले ते सरळ आणि इतरांचे ते विचित्र असे मुलाच्या मनात बसते. आजींची पूजाही तितक्याच नव्या नजरेने दाखवणारे पुस्तक वाचा, आणि आपल्या परंपरेतल्या दुखऱ्या जागाही त्यात असू द्या. संतांवरच्या चित्रपुस्तकांत मी नेहमी चोखोबांचे पान आधी उघडते. चोखामेळा थेट गाभाऱ्यात विठ्ठलाशेजारी हसत उभे असतील आणि त्याआधीच्या पानांवर ते बाहेर का होते याचा उल्लेखही नसेल, तर ते पुस्तक मी घेत नाही. विठ्ठल स्वतः चोखोबांना भेटला, या आख्यायिकेची सारी ताकद, त्यांना आत येऊ देत नव्हते यात आहे. पंढरपुरात त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. तेथे जाऊन आलेले मूल ‘हे बाहेर का?’ असे विचारतेच. त्या प्रश्नाचे खरे उत्तर आठव्या वर्षी पेलते, कधी त्याआधीही: काही माणसांना देवळात येऊ देत नसत, ते अन्यायाचे होते, आणि मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी त्या देवळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून उपोषण केले. एवढे पुरते. त्यापुढचे तपशील मूल विचारेल तेव्हा सांगावेत.

सरमिसळ दाखवणारी पुस्तकेही शोधा, कारण खेड्यापाड्यांत श्रद्धा कप्पे करून राहत नाहीत. मोहरमचे ताबूत उचलणारे हिंदू, दर्ग्यावर नवस फेडणारी कुटुंबे, श्रीगोंद्याचे संत शेख महंमद ज्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, या गोष्टी महाराष्ट्रातल्याच आहेत. फक्त अशा पुस्तकात माणसे एकत्र येऊन नेमके काय करतात ते असावे. ‘सारे गुण्यागोविंदाने राहत होते’ या वाक्यावर गोष्ट उरकलेली नसावी.

मुलगी गोंधळेल का, या शंकेविषयी. मुले वेगवेगळ्या घरांचे वेगवेगळे नियम सहज लक्षात ठेवतात. मामाकडे चपला दारात काढायच्या आणि आत्याकडे आत कपाटात ठेवायच्या, हे त्यांना सांगावे लागत नाही. गोंधळ होतो तो मोठ्यांच्या अस्पष्ट बोलण्याने. म्हणून वाचताना वाक्याचा कर्ता स्पष्ट ठेवा: ‘मुस्लिम लोक असे मानतात’, ‘आजी असे मानते’, ‘बाबांना तसे वाटत नाही’, ‘मला अजून नक्की ठरवता आलेले नाही’. अशी वाक्ये एकाच घरात, एकाच संध्याकाळी बोलली गेली तरी मुलाचे काही बिघडत नाही. ‘देव खरंच आहे का?’ असे तिने विचारले तर तिच्या बाबांनी आपले मत लपवू नये आणि आजींच्या मताची टवाळीही करू नये. बाबांच्या विचारांशी जुळणारे पुस्तक हवे असेल, तर गाडगेबाबांवरचे चित्रपुस्तक पाहा. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारत त्यांच्याकडून उत्तरे काढून घ्यायची, ही त्यांची रीत मुलांना फार आवडते; श्रद्धा आणि प्रश्न एका माणसात एकत्र राहू शकतात, हे त्यात दिसते.

वाचण्याची पद्धत पुस्तकाइतकीच महत्त्वाची आहे. पहिल्यांदा मजकूर न वाचता नुसती चित्रे पाहा आणि तिला बोलू द्या. आपल्याकडे ही रीत जुनी आहे: सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांचे एकेक सुटे चित्र श्रोत्यांपुढे धरून कथा गात असत, आणि डोळे चित्रावर असताना कान कथेवर असत. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलीस?’ असे कधीही विचारू नका. त्या प्रश्नाने मूल तुम्हाला हवे असलेले उत्तर द्यायला शिकते. ‘तुला कोणते पान पुन्हा पाहायचे आहे?’ असे विचारा. आणखी एक गोष्ट शिक्षकांनाही सांगते: वर्गात किंवा वाचनालयात ईदचे पुस्तक वाचताना तेथल्या एकुलत्या एका मुस्लिम मुलाकडे वळून ‘तुमच्याकडे असंच करतात ना?’ असे विचारू नये. त्या क्षणी ते मूल मुलगा किंवा मुलगी राहत नाही, सगळ्या समाजाचे प्रतिनिधी होते, आणि ते ओझे सहाव्या वर्षी कोणावरही टाकू नये. त्याला स्वतःहून सांगावेसे वाटले तर मात्र पुस्तक खाली ठेवून ऐकावे.

पुस्तके कोठे मिळतील? मराठीत पौराणिक कथा आणि संतचरित्रे भरपूर आहेत. आजच्या घरातली श्रद्धा दाखवणारी चित्रपुस्तके माझ्या पाहण्यात कमी आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला मराठीतही येते आणि स्वस्त असते. चेन्नईची तूलिका ही संस्था मराठीसह नऊ भाषांत चित्रपुस्तके काढते. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता आणि छापून घेता येतात. तेथे सणांच्या नावाने न शोधता आजी, स्वयंपाक, जत्रा, प्रवास अशा शब्दांनी शोधले तर अधिक चांगले हाती लागते. भाषांतरित पुस्तक घेताना एक परिच्छेद मोठ्याने वाचून पाहा. जीभ अडखळली तर मूलही ऐकताना अडखळणार.

जे मिळत नाही ते घरी करता येते, आणि तुमच्या बाबतीत मला तोच मार्ग सर्वांत चांगला दिसतो. चार कोरे कागद मधोमध दुमडून शिवले की सोळा पानांची वही होते. मैत्रिणीच्या आईची परवानगी घ्या, आणि दोघी मुलींना मिळून ‘तुझे घर, माझे घर’ अशी चित्रे काढू द्या: डाव्या पानावर एक घर, उजव्या पानावर दुसरे. पूजेची किंवा नमाजाची जागा, सणाचे ताट, आजीने सांगितलेली गोष्ट, ज्याला हात लावायचा नाही अशी वस्तू. कुराण कापडात गुंडाळून उंचावर ठेवले जाते आणि रेहलवर, म्हणजे लाकडी घडीच्या स्टँडवर, ठेवून वाचले जाते, आजींची पोथीही लाल फडक्यात बांधलेली असते, हे त्या दोघींना आपोआप दिसेल. ज्या पानावर दोन्ही घरे मुळीच जुळत नाहीत ते पान तसेच राहू द्या. मजकूर मुली सांगतील तसा लिहा, आणि धार्मिक तपशील असलेले प्रत्येक पान त्या घरातल्या मोठ्या माणसाला दाखवून घ्या.

आजींना हे काम सुरू होण्यापूर्वीच सांगा आणि त्यांच्या घराची पाने त्यांच्याच तोंडून लिहून घ्या: देवघरातली कोणती मूर्ती कोणी दिली, नैवेद्य कोणत्या वाटीत दाखवतात, लहानपणी त्यांच्या गावात मोहरम किंवा उरूस कसा होत असे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळ स्त्रियांच्या आठवणींत ताबूत, पीर आणि जत्रा असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते. त्यांनी एखाद्या पानाला हरकत घेतली, तर वाद न घालता ते पान तेवढे बाजूला ठेवा आणि त्यांची हरकत काय आहे ते मुलीसमोरच शांतपणे ऐकून घ्या.